गुण पाहण्याआधी नोंद पाहा: बालसंरक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बालसंरक्षणात उतरलात की कधी ना कधी एखाद्या कुटुंबाचा ‘जोखीम गुण’ समोर येईल. तो कसा बनतो हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या अ‍ॅलेघेनी काउंटीचं (पिट्सबर्ग शहर याच काउंटीत) उदाहरण घ्या. तिथल्या यंत्रणेबद्दल बरंच काही उघडपणे वाचायला मिळतं.

ऑगस्ट २०१६पासून तिथे मुलाची आबाळ होतेय असा फोन आला की कर्मचारी तक्रार नोंदवतात आणि संगणक त्या घरच्यांच्या जुन्या सरकारी नोंदी चाळून १ ते २० मधला गुण देतो; गुण जास्त म्हणजे जोखीम जास्त. चौकशीला माणूस पाठवायचा का, हे ठरवताना तो गुण समोर असतो.

पण तो नेमकं काय सांगतो? मुलाला घरी त्रास होतोय का, हे नाही. पुढच्या दोन वर्षांत मूल घरातून काढून दुसरीकडे ठेवलं जाण्याची शक्यता किती, एवढंच. आणि मूल हलवते कोण, तर तीच बालसंरक्षण यंत्रणा. गरीब किंवा कृष्णवर्णीय घरांवर आजवर जास्त संशय घेतला गेला असेल, तर तो संशयच गुण होऊन परत येतो.

दुसरी खोट नोंदींतच आहे. एक आई सरकारी खर्चाने व्यसनमुक्तीचे उपचार घेते, तिची नोंद होते. दुसरी तेच उपचार खासगी विम्यावर घेते, ती संगणकाला दिसतच नाही. मदत मागितली याचीच किंमत पहिलीला मोजावी लागू शकते. आमच्या मते या कामातला सगळ्यात गंभीर अन्याय हाच.

एक गोष्ट मात्र तिथून उचलण्यासारखी आहे: प्रत्यक्ष घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याला गुण दाखवत नाहीत. ‘१९’ वाचून दार ठोठावणाऱ्याला रिकामा फ्रिज दिसतो, मुलाचा नीट विंचरलेला भांग दिसत नाही. तुमच्या संस्थेत असा गुण वापरात असेल, तर आधी गृहभेटीचा अहवाल लिहून तारीख टाका, मगच गुण उघडा.

आपल्याकडे मात्र रोजचा धोका, म्हणजे कुणाची ओळख उघड होण्याचा, साध्या एक्सेलमध्ये असतो. नाव काढलं की माहिती निनावी झाली, असं समजलं जातं. ‘वय ३४, एकल महिला, दोन मुली, अमुक पाडा’ एवढं लिहिलंत की त्या पाड्यावरचं कुणीही ती बाई कोण ते सांगेल. म्हणून देणगीदाराला पाठवायच्या तक्त्यात पाड्याऐवजी तालुका लिहा, वय ३०–३९ असं गटात द्या आणि ५ पेक्षा लहान आकडा झाका. इथे हमखास चूक होते: एकच आकडा झाकला आणि खाली बेरीज तशीच ठेवली, तर वजाबाकी करून तो दोन मिनिटांत सापडतो. त्याच ओळीतला आणि त्याच स्तंभातला आणखी एकेक आकडा झाकावा लागतो, आणि त्यांच्यावरून पहिला निघतो का, हे कागदावर करून पाहावं लागतं.

मूल कायद्याच्या प्रक्रियेत असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७४ पाठ असू द्या. नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करणं हा गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला केस फाइलचा फोटोही तुम्हाला त्यात अडकवू शकतो.

संमतीची सही घेताना माहिती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि ‘नाही’ म्हटलं तरी शिधा, शाळा, औषध थांबणार नाही, हे त्या बाईच्या बोलीत सांगा. मग तिलाच विचारा, ‘काय समजलं?’ तिला सांगता आलं नाही, तर त्या दिवशी सही घेऊ नका.