टीजीएसएसचा नकाशा बघताय? या चुका टाळा

‘दादा, जेट (दीर्घिकेतून सुटणारा झोत) सापडलं!’ कॉलेज रोडच्या आमच्या रविवारच्या बैठकीत एकीने लॅपटॉप पुढे केला. अलादिन या आकाश बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये टीजीएसएस, म्हणजे रेडिओ लहरींत केलेल्या आकाशाच्या सर्व्हेचा नकाशा उघडलेला; त्यात झगझगीत ठिपका आणि भोवती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. मी हसलो नाही, कारण पहिल्याच महिन्यात मीही असा एक आरा वहीत ‘जेट’ म्हणून नोंदवला होता. तेजस्वी स्रोताभोवतीच्या या रेषा इमेजिंगचा दोष असतात. तोच भाग एनव्हीएसएसमध्येही, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या रेडिओ सर्व्हेतही, उघडून बघायचा. दोन्हीकडे तसंच दिसलं, तरच पुढचं बोलू.

सर्व्हे तसा आपल्या शेजारचाच. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. २०१० ते २०१२ मध्ये त्यांनी १५० मेगाहर्ट्झला आकाश पालथं घातलं. टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या चमूने डेटा टप्प्याटप्प्याने दिला. पण इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, छळतं. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर लांबचा ट्रक थरथरतो ना, तसे स्रोत जागचे हलतात. म्हणून हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी सगळा डेटा ‘स्पॅम’ या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढला. २०१६ ची ती आवृत्ती ३६,९०० चौरस अंशांची, ६.२ लाख स्रोतांची. जुन्या फायली तिच्यात मिसळू नका.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्रोतांच्या यादीत, नाही म्हणजे आकाशात नाही, असंही नाही. यादीत यायला स्रोत नॉइजच्या, म्हणजे इमेजमधल्या खरखरीच्या, ७ पट हवा. नॉइज साधारण ३.५ मिलिजान्स्की (रेडिओ तेजाचं एकक), म्हणजे २५ च्या खालचे बरेचसे गळतात. इमेज स्वतः बघा. ती काळीकुट्ट दिसली तर आधी कॉन्ट्रास्ट ओढा, मग नेटला शिव्या द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ बेरजेत होतो. टीजीएसएसचा बारकावा २५ आर्कसेकंदांचा, एनव्हीएसएसचा ४५ चा, म्हणजे जास्त ढोबळ. समजा एनव्हीएसएसमध्ये १०० मिलिजान्स्कीचा एकच ठिपका आहे आणि टीजीएसएसमध्ये त्याच जागी दोन, ३१० आणि १७०. एकच लोब (दीर्घिकेच्या दोन बाजूंच्या रेडिओ ढगांपैकी एक) धरला तर स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार तेज कसं बदलतं तो आलेख, उगाच सपाट निघतो. बेरीज ४८०, मग इंडेक्स (त्या आलेखाचा उतार) सुमारे −०.७, म्हणजे अगदी नेहमीची रेडिओ दीर्घिका. काही भागांत टीजीएसएसचा फ्लक्सच, म्हणजे मोजलेलं तेजच, थोडा सरकलेला आहे, तेव्हा −०.७२ की −०.६८ यावरून भांडू नका.

त्या मुलीच्या आऱ्याखाली, अंगठ्याएवढ्या अंतरावर, असंच एक दोन ठिपक्यांचं जुळं होतं. तिने ते पाहिलंच नव्हतं.