ब्रोकरेज खात्यातली शिल्लक: विमा शाबूत ठेवून व्याज कसं वाढवायचं

अमेरिकेत ब्रोकरेज खातं उघडलं की सगळं लक्ष शेअर आणि फंडांकडे जातं. बाजूला 'कॅश' म्हणून दिसणारी रक्कम नेमकी कुठे ठेवलेली आहे आणि तिच्यावर व्याज किती मिळतंय, हे बघायचं राहून जातं. खरं तर याच खात्यातून देशभरातल्या अनेक बँकांच्या मुदत ठेवी, म्हणजे सीडी, घेता येतात. त्यासाठी प्रत्येक बँकेत खातं उघडावं लागत नाही आणि एफडीआयसीचा, म्हणजे बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, विमाही लागू होतो. ब्रोकरच्या पडद्यावर या बँका एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात. त्यामुळे ठेवी हव्या असलेल्या बँकेला दर चढा ठेवावाच लागतो, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या बँकेच्या बचत खात्यापेक्षा बराच बरा असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. विमा ब्रोकरचा नसतो, बँकेचा असतो. आपला प्रत्येक डॉलर आज कोणत्या बँकेत आहे हे सांगता येत असेल, तरच तो विम्याखाली आहे असं धरा.

आधी स्वीप तपासा

गुंतवणूक न केलेली रक्कम ब्रोकर रोज आपोआप एका ठरलेल्या जागी वळवतो. याला स्वीप म्हणतात. ही जागा साधारण दोन प्रकारची असते. एक, ब्रोकरशी करार असलेल्या बँकांमधली ठेव. तिला एफडीआयसीचा विमा असतो. दुसरी, मनी मार्केट फंड, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड. त्याला हा विमा नसतो. व्हॅनगार्डच्या ब्रोकरेज खात्यात शिल्लक मनी मार्केट फंडात जाते, तर श्वाबमध्ये ती सहसा बँकेतल्या ठेवीत जाते. खात्याच्या माहितीत 'कोअर पोझिशन', 'सेटलमेंट फंड' किंवा 'कॅश फीचर' अशा नावाखाली हे लिहिलेलं असतं. त्याच्याजवळच दर दिसतो, तो वाचा. बँक स्वीपचा दर कित्येकदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, आणि खात्यातल्या कॅशवरचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. काही ब्रोकर पर्याय बदलू देतात. जिथे तशी सोय नाही, तिथे रक्कम हाताने सीडीत, ट्रेझरी बिलात (सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यात) किंवा मनी मार्केट फंडात टाकावी लागते.

मनी मार्केट फंड वाईट नव्हेत. सरकारी रोख्यांतच पैसे ठेवणारे फंड फार सुरक्षित मानले जातात. पण ती ठेव नाही. सप्टेंबर २००८ मध्ये रिझर्व्ह प्रायमरी फंडाचा एक डॉलरचा भाव ९७ सेंटवर आला होता, कारण त्या फंडात बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे रोखे होते. ज्यांना विमाच हवा आहे, त्यांनी फंड आणि ठेव यांची गल्लत करू नये.

खात्यावर 'एसआयपीसी सदस्य' असंही लिहिलेलं असतं. ते संरक्षण वेगळं आहे. ब्रोकर बुडाला आणि तुमचे रोखे किंवा रोकड गहाळ असेल, तर एसआयपीसी ५ लाख डॉलरपर्यंत भरपाई देते. त्यात रोकडीसाठी मर्यादा अडीच लाखांची आहे. बाजारभाव पडल्याचं नुकसान ती भरून देत नाही, आणि बँक बुडाली तर तिचा संबंध येत नाही. तिथे एफडीआयसी.

अडीच लाखांचा हिशेब

एफडीआयसीची मर्यादा आहे एका ठेवीदाराला, एका बँकेत, एका मालकी प्रकारात २,५०,००० डॉलर. यातला प्रत्येक शब्द मोजावा लागतो. एकट्याच्या नावाचं खातं हा एक प्रकार, जोड खातं दुसरा, आयआरए हे निवृत्तीसाठीचं खातं तिसरा. नवरा-बायकोच्या जोड खात्यात एका बँकेपुरते दोघांचे मिळून ५ लाख डॉलर विम्याखाली येतात. शिवाय प्रत्येकाच्या स्वतंत्र नावावर अडीच-अडीच लाख, म्हणजे एकाच बँकेत एकूण १० लाख. ट्रस्ट खात्यांचा नियम १ एप्रिल २०२४ पासून बदलला आहे. दर लाभार्थीमागे अडीच लाख, पण एका मालकाला एका बँकेत जास्तीत जास्त साडेबारा लाख. विम्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्यालाही तेच संरक्षण आहे.

घोळ होतो तो बेरजेत. समजा, एका बँकेत तुमचं बचत खातं आहे, त्यात ६०,००० डॉलर आहेत. ब्रोकरकडून त्याच बँकेची २ लाखांची सीडी घेतली. ब्रोकरच्या स्वीपमधूनही त्याच बँकेत ३०,००० गेले आहेत. तिन्ही तुमच्या एकट्याच्या नावावर असतील तर बेरीज होते २,९०,०००, आणि ४०,००० उघडे पडतात. सीडी ब्रोकरकडून आली म्हणून तिला वेगळी मर्यादा मिळत नाही. दोन वेगळ्या ब्रोकरांकडून एकाच बँकेच्या सीडी घेतल्या तरी बेरीज एकच. म्हणून स्वीपमधल्या बँकांची यादी ब्रोकरच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. नको असलेली बँक त्या यादीतून वगळण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

नावांकडेही नीट पाहा. एकाच समूहाच्या दोन बँका कायद्याने वेगळ्या असू शकतात. उलट एकाच बँकेची ऑनलाइन शाखा वेगळ्याच नावाने मिरवत असते, पण विमा मात्र एकच. खात्री करायची तर एफडीआयसीच्या 'बँकफाइंड'मध्ये बँकेचा प्रमाणपत्र क्रमांक पाहा. क्रमांक एक तर बँक एक. रकमांचा हिशेब करायला एफडीआयसीचंच 'ईडीआयई' हे गणकयंत्र आहे, ते फुकट वापरता येतं.

मर्यादेत मुद्दल आणि बँक बुडण्याच्या दिवसापर्यंत साठलेलं व्याज, दोन्ही धरतात. त्यामुळे एका बँकेत बरोबर अडीच लाखांची सीडी घेऊ नका. व्याज एका वर्षाने मुदतीअखेर एकदम मिळणार असेल आणि दर ५ टक्के असेल, तर २,३८,००० डॉलरची सीडी वर्षअखेर २,४९,९०० होते. त्याच्यावर गेलात की वरचं व्याज विम्याबाहेर.

सीडी घेताना पडद्यावर काय पाहायचं

'फिक्स्ड इन्कम' किंवा 'बाँड्स अँड सीडीज' या विभागात जा. तिथे दोन याद्या असतात: 'न्यू इश्यू', म्हणजे बँकेने नव्याने काढलेल्या सीडी, आणि 'सेकंडरी', म्हणजे आधीच्या मालकांनी विकायला काढलेल्या. पहिल्यांदा घेणाऱ्याने न्यू इश्यूपासूनच सुरुवात करावी. तिथे सीडी बरोबर १०० च्या भावाने, म्हणजे मुद्दलाइतक्याच किमतीला, मिळते आणि ब्रोकरचं शुल्क बँक देते, त्यामुळे वेगळं कमिशन बहुधा लागत नाही. किमान रक्कम सहसा १,००० डॉलर, पुढेही हजाराच्या पटीत. मात्रा भरताना सावध राहा: काही ब्रोकरांकडे 'क्वांटिटी १' म्हणजे १,००० डॉलर. १० लिहिलं की १०,००० डॉलरची ऑर्डर गेली. पुष्टीच्या पानावरचा एकूण आकडा वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

यादीतल्या एका ओळीत बँकेचं नाव, सीयूएसआयपी हा नऊ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, कूपन म्हणजे व्याजदर, मुदत संपण्याची तारीख, व्याज किती वेळाने मिळणार, आणि 'कॉल' आहे की नाही हे रकाने असतात. लोक दराच्या रकान्यावर यादी लावतात आणि सगळ्यात वरची सीडी उचलतात. तीच बहुधा कॉलेबल असते.

कॉलेबल सीडी म्हणजे मुदतीआधी ठेव परत करण्याचा हक्क बँकेकडे असतो, तुमच्याकडे नाही. पाच वर्षांची साधी सीडी ४.१ टक्क्याला आणि कॉलेबल ४.६ ला दिसली, तर तो अर्धा टक्का फुकटचा नाही. दर उतरले की बँक सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तुमचे पैसे परत करते, आणि तेव्हा तुम्हाला ३.५ टक्क्यात ठेवावे लागतात. दर चढले तर बँक गप्प बसते आणि तुम्ही ४.६ मध्ये अडकून राहता. वर्षभराच्या आतल्या मुदतीत हा धोका लहान असतो. पाच-दहा वर्षांसाठी मात्र 'कॉल प्रोटेक्टेड', म्हणजे कॉल नसलेल्या सीडी, असंच गाळणं (फिल्टर) लावून यादी पाहावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्याजाचं गणितही वेगळं आहे. बँकेतली सीडी चक्रवाढ व्याज देते, ब्रोकरकडची देत नाही. दर महिन्याला किंवा सहामाही व्याज तुमच्या कॅशमध्ये येऊन पडतं आणि स्वीपच्या दराने वाढतं. ५०,००० डॉलरवर ४.२ टक्क्याने वर्षाला २,१०० डॉलर होतात, त्यापेक्षा एक सेंटही जास्त नाही. म्हणून बँकेचा 'एपीवाय' (चक्रवाढ धरून येणारा वार्षिक दर) आणि ब्रोकरकडचं कूपन यांची थेट तुलना करताना, विशेषतः लांब मुदतीत, हा फरक धरा.

न्यू इश्यूमध्ये पैसे लगेच वळते होत नाहीत. सेटलमेंटची तारीख कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा असते आणि व्याज त्या दिवसापासून सुरू होतं. तोपर्यंत रक्कम खात्यात शाबूत ठेवा.

मुदतीआधी पैसे लागले तर

बँकेतली सीडी दंड भरून मोडता येते. ही मोडता येत नाही, विकावी लागते, आणि विकताना बाजार देईल तो भाव घ्यावा लागतो. पाच वर्षांची ४ टक्क्यांची सीडी घेतली, वर्षभराने तशाच सीडीला ५ टक्के मिळू लागले, तर तुमच्या १०,००० डॉलरच्या सीडीचा भाव साधारण ९,६४५ होतो. त्यातून खरेदी-विक्रीच्या भावातला फरक वजा होतो, आणि या सीडींना गिऱ्हाईक कमी असल्याने तो फरक चांगलाच जाणवतो. दर उतरले असतील तर फायदाही होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर अडीअडचणीचा पैसा इथे ठेवू नये. तीन-सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाहेरच असावी. अपवाद एक: ठेवीदाराचा मृत्यू झाला तर बहुतेक सीडी वारसांना पूर्ण मुद्दलाने परत करता येतात. ही अट त्या सीडीच्या माहितीपत्रकात आहे का, ते बघून घ्या.

म्हणूनच एकगठ्ठा रक्कम एका मुदतीत न घालता शिडी लावतात. ४०,००० डॉलर असतील तर १०,००० च्या चार सीडी, ३, ६, ९ आणि १२ महिन्यांच्या. दर तीन महिन्यांनी एक सुटते, लागली तर वापरायची, नाही तर पुन्हा १२ महिन्यांना लावायची. मुदत संपल्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण सुटलेले पैसे स्वीपच्या दराने पडून राहतात. सुटलेल्या पैशांतून आपोआप नवी सीडी घेणारी 'ऑटो रोल' सुविधा चालू केली असेल तर ती नवी सीडी कोणत्या बँकेची उचलते हे प्रत्येक वेळी पाहा. तुमची अडीच लाखांची बेरीज ती सांभाळेल असं धरू नका.

सेकंडरी यादीतून घेताना आणखी एक सापळा असतो. जुनी, जास्त कूपनची सीडी १०२ ला मिळते. वरचे २ डॉलर विम्यात येत नाहीत. बँक बुडाली तर १०० आणि साठलेलं व्याज मिळतं, तेवढंच.

बँक खरोखर बुडाली तर

दुसऱ्या बँकेने ठेवी उचलल्या तर सीडी पुढे चालू राहू शकते, पण नव्या बँकेला दर कमी करण्याची मुभा असते. कोणी उचलली नाही तर एफडीआयसी पैसे देते. थेट ठेवीदारांना ते बहुधा दोन-चार दिवसांत मिळतात. ब्रोकरमार्फतच्या ठेवींना जास्त वेळ लागतो, कारण कोणाचे किती हे ब्रोकरच्या नोंदींवरून ठरतं. या काळात व्याज मिळत नाही.

नोंदी किती महत्त्वाच्या, हे पैशांची ॲप आणि बँका यांना जोडणाऱ्या सिनॅप्स या मध्यस्थ कंपनीच्या दिवाळखोरीने २०२४ च्या एप्रिलनंतर दिसलं. बँका शाबूत होत्या. पण ॲपवाल्यांच्या ग्राहकांपैकी कोणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत याचा हिशेब जुळेना, आणि ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तूट असल्याचा अंदाज विश्वस्तांनी मांडला. बँक बुडालेली नसल्याने एफडीआयसीचा विमा लागूच झाला नाही. म्हणून नुसतं 'एफडीआयसी विमा' असं लिहिलेल्या ॲपपेक्षा एसआयपीसीचा सदस्य असलेला, नियमित स्टेटमेंटमध्ये बँकेच्या नावासह रक्कम दाखवणारा ब्रोकर निवडा.

कर

सीडीच्या व्याजावर केंद्राचा आणि राज्याचा, दोन्ही कर लागतात. ट्रेझरी बिलाच्या व्याजावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात ९.३ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला ४.२ टक्क्यांची सीडी राज्याचा कर वजा जाता ३.८१ टक्के पडते. त्याच मुदतीचं ट्रेझरी बिल ३.९ ला मिळत असेल तर तेच घ्यावं. शिवाय त्यात अडीच लाखांची मर्यादाही नाही. टेक्सास किंवा फ्लोरिडात राज्याचा आयकर नसल्याने हा हिशेबच उरत नाही, जास्त दराची सीडी सरस.

वर्षअखेर ब्रोकर फॉर्म १०९९-आयएनटी, म्हणजे मिळालेल्या व्याजाचा दाखला, देतो. सेकंडरीतून घेताना आधीच्या मालकाला दिलेलं साठलेलं व्याज विवरणपत्राच्या शेड्यूल बीमध्ये वजा करायचं असतं. ते आपोआप होत नाही, आणि राहिलं तर न मिळालेल्या व्याजावर कर भरला जातो. एका वर्षाहून लांब मुदतीची आणि व्याज शेवटीच देणारी सीडी असेल, तर पैसे हातात येण्याआधीच दरवर्षी त्या वर्षाच्या व्याजावर कर भरावा लागतो. त्यासाठी १०९९-ओआयडी येतो.