दुसरी एसएसएच लावताय? थांबा जरा

एसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय. तिला नुसता जादा पोर्ट (आत यायचा दरवाजा) हवा असेल तर दुसरी सर्व्हिस काढूच नका. आहे त्याच कॉन्फिगमध्ये पोर्टची आणखी एक ओळ टाका, झालं. मला वेगळी लागली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर. आतल्या लोकांना २२ वर पासवर्ड चालणार होता, बाहेरून येणाऱ्याला २२२२ वर फक्त की, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीची फाइल. 'मॅच लोकलपोर्ट' (पोर्टनुसार वेगळे नियम) लावून हेही एका फाइलीत जमतं, पण एक पडली तर दुसरी उभी राहील, असा माझा हिशेब.

आधी एक लॉगिन उघडं ठेवा, काम संपेपर्यंत मिटायचं नाही. बॅकअपचं सांगायला नको.

एसएसएचडी म्हणजे एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम. त्याच्या मूळ एसएसएचडी_कॉन्फिगची कॉपी काढून तिच्यात पोर्ट आणि पिडफाइल (चालू प्रोग्रामचा नंबर ठेवणारी फाइल) बदला, पासवर्ड बंद करा, अलाउयूजर्समध्ये मोजकी नावं घाला. वरची इन्क्लूडची ओळ मात्र नीट बघा, ती दुसऱ्या फोल्डरातल्या फाइली आत ओढते. एसएसएचडी जी सेटिंग आधी वाचतो तीच धरतो. त्या फोल्डरात कुणी पासवर्डला 'येस' लिहून ठेवलं असेल तर तुमचं खालचं 'नो' वाया. एसएसएचडीला नव्या फाइलीवर कॅपिटल टी देऊन चालवा, खरं काय लागू आहे ते छापून देतो.

मग सर्व्हिसची युनिट फाइल (ती कशी चालवायची ते सांगणारी) ईटीसीखालच्या सिस्टमडीत वेगळ्या नावानं कॉपी करा, एक्झेकस्टार्टमध्ये डॅश एफ देऊन नव्या कॉन्फिगचा पत्ता लिहा. मग सिस्टमसीटीएलनं डीमन-रीलोड, स्टार्ट. आणि एनेबल.

एनेबल! स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं, एनेबल म्हणजे मशीन उठताना आपोआप. मी नुसतं स्टार्ट केलं आणि तीन आठवडे सगळं झकास चाललं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरीला पाळण्यात बसवून खाली उभा होतो, तेवढ्यात मालकांचा फोन. "ओ सर, लाइट जाऊन आली. सर्व्हर चालू हाय, पण बाहेरून कुणीच आत येईना." यूपीएसनं दम तोडलेला, मशीन रीस्टार्ट झालेलं. २२ आपोआप उठली, पण ती राउटरवर बाहेरून बंद, मीच केलेली. २२२२ वर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. त्या गर्दीतून गाडी काढून एमआयडीसी गाठली, आणि काम काय, तर एक ओळ. एनेबल.

म्हणून एनेबल केल्यावर इज-एनेबल्ड विचारून खात्री करा. युनिट फाइलच्या तळाशी इन्स्टॉल आणि त्याखाली वाँटेडबाय आहे ना, तेही बघा. कॉपी करताना ते गळालं असेल तर एनेबल करूनही काही होत नाही.

रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर एसईलिनक्स (त्यातली सुरक्षेची यंत्रणा) २२२२ वर बसू देत नाही, लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसतं. सेमॅनेज कमांडनं तो पोर्ट एसएसएच_पोर्ट_टी या परवानगीच्या यादीत घाला. वैतागून एसईलिनक्सच बंद करणारे मी पाहिलेत. तसलं करू नका.

फायरवॉलमध्ये २२२२ 'पर्मनंट' लावून उघडा, मग रीलोड. पर्मनंट विसरलात तर एनेबलचीच गत. राउटरवर तो पोर्ट फॉरवर्ड करा. फेल२बॅन (चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारा) असेल तर त्यालाही नवा पोर्ट सांगा.

शेवटी मालकांना विचारून, मशीनजवळ बसून, रीबूट मारा. कारखान्याच्या वायफायवरून नको, मोबाइलच्या डेटावरून २२२२ वर आत येऊन बघा. आलात, की मगच ते उघडं ठेवलेलं... ते रीबूटला गेलंच म्हणा. निघा घरी. एनेबल केलंय ना?