दह्यातले जिवाणू पोटात कायमचे बसत नाहीत: आंबवलेले खाताना या चुका टाळा

आंबवलेल्या पदार्थांबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेकांची चूक एकच असते. महिनाभर वाडगे भरभरून दही खायचे, फार्मसीतून प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, महागड्या कॅप्सूल आणायच्या, आणि मग "आता चांगले जिवाणू पोटात बसले" म्हणत सगळे बंद करायचे. ते बसत नाहीत. हे सांगून माझे तोंड दुखले, तरी पुन्हा सांगते.

दह्यातले लॅक्टिक जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात. गिळल्यावर आधी जठरातले आम्ल, मग पित्तरस. त्यातून तगून जे मोठ्या आतड्यात पोचतात, त्यांना तिथे जागा मोकळी मिळत नाही. आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत आणि त्यांतले बहुतेक तिथेच राहतात. आतड्याच्या चिकट अस्तरालगत त्यांनी आधीच ठाण मांडलेले असते, खाण्यातला वाटा ते सोडत नाहीत आणि परक्यांना मारक ठरणारी द्रव्येही सोडतात. म्हणून बाहेरचे जिवाणू पाहुण्यासारखे येतात, थोडे दिवस राहतात आणि खाणे थांबले की निघून जातात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 साली दुर्बिणीने थेट आतड्यातून नमुने घेऊन पाहिले, तेव्हा प्रोबायोटिकचे जिवाणू काहींच्या अस्तरावर थोडेफार टिकले आणि काहींच्या अस्तराने त्यांना जवळजवळ थाराच दिला नाही.

फोंड्यातल्या एका ओळखीच्या बाईंना अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर पोटाचा त्रास सुरू झाला. कॅप्सूल आणि दही सुरू केल्यावर बरे वाटले, म्हणून दोन्ही बंद. काही आठवड्यांत पोट पुन्हा फुगू लागले. मग त्यांनी दुप्पट कॅप्सूल घेतल्या, वर बाजारातला कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, आणि पोट जास्तच फुगले. माझ्याकडे आल्या तेव्हा मी एवढेच विचारले, "बाई, दिवसभर जेवता काय?" सकाळी पाव, दुपारी पॉलिशचा पांढरा तांदूळ आणि तळलेले मासे, संध्याकाळी चहा-बिस्किटे. भाजी कधीतरी. आतड्यातल्या मूळ रहिवाशांनी खायचे काय? त्यांना लागतो तंतू, म्हणजे फायबर. त्यावर ते जगतात आणि त्यापासूनच आतड्याच्या पेशींना पोसणारी आम्ले बनवतात. मी त्यांच्या कॅप्सूल थांबवल्या. दुपारच्या जेवणात अर्धी वाटी घरचे दही, पांढऱ्याच्या जागी उकडे तांदूळ, आठवड्यातून दोन-तीनदा अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक, म्हणजे रस्सा, आणि तांबडी भाजी (लाल माठ) लावून दिली. फरक सावकाश पडला, पण पडला. ज्यांना आठ दिवसांत निकाल हवा असतो, त्यांनी पोटाच्या वाटेला जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मग दही खायचेच कशाला? कारण जाता जाताही ते काम करते. दह्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते. स्टॅनफर्डच्या 2021 मधल्या अभ्यासात 10 आठवडे रोज भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिने कमी झाली. वाढलेल्या विविधतेतला थोडाच भाग त्या पदार्थांतून आलेला होता. म्हणजे खाण्यामुळे आतड्यातले वातावरणच बदलले. हे रोजचे काम आहे, कोर्स नव्हे.

दुसरी चूक शेगडीवर होते. "आम्ही सान्नांत (इडलीसारख्या पदार्थात) सूर, म्हणजे माडाची ताडी, घालतो, म्हणजे पोटाला जिवंत जिवाणू मिळतात," असे मला अगदी शिकलेली माणसे सांगतात. सान्नां वाफेवर शिजतात. लॅक्टिक जिवाणू आणि यीस्ट 60-70 अंशांच्या पुढे तगत नाहीत. इडली, पाव, उकळलेली कढी यांचेही तेच. हे पदार्थ वाईट नाहीत. पीठ आंबताना फायटेट (लोह-जस्त अंगी लागू न देणारे धान्यातले द्रव्य) कमी होते, चव येते, पचायला हलके पडते. जिवंत जिवाणू मात्र त्यांत नसतात, ते हवे असतील तर दही-ताक गार खा. ताकावर फोडणी हवीच असेल तर मी ती आधी निवू देते.

आंबट म्हणजे आंबवलेले, हाही गैरसमज सोडा: सोलकढीचा आंबटपणा आमसुलाचा असतो, जिवाणूंचा नाही.

बरणीबाबतची घाई मला सर्वांत खटकते. मुळा-गाजर मिठाच्या पाण्यात घालायचे आणि दोन दिवसांत आंबट झाले नाही म्हणून माडाचे व्हिनेगर ओतायचे. झाले, आता ते व्हिनेगरमधले लोणचे. ज्या जिवाणूंनी आम्ल तयार करायचे, त्यांना वाढायलाच दिले नाही. मी एक लिटर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम जाडे मीठ तोलून घालते, चिमटीने कधीच नाही. भाजी पाण्याखाली राहील असे वजन ठेवते आणि बुडबुडे येईपर्यंत बरणीला हात लावत नाही. चेपणीतल्या तोरांचे, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांचे, गणित वेगळे. त्यांत मीठ इतके जास्त असते की ती तोंडी लावण्यापुरतीच खावीत.

ज्यांना सवय नाही त्यांनी पहिल्याच दिवशी वाडगाभर खाऊ नये. दोन चमच्यांपासून सुरू करा.

केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर घरच्या बरणीतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी लगेच धरते. पाण्यावरचा पातळ पांढरा पापुद्रा बहुधा यीस्टचा असतो, तो मी काढून टाकते. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून "खालचे चांगले आहे" म्हणू नका. सगळे फेकून द्या, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा भरा.