सपाट मुलखासाठी छोटा कॅमेरा : लेन्स न निघणारा कॉम्पॅक्ट कसा निवडावा

रामटेकच्या गडावरून खाली पाहिलं की अंबाळा तलाव, शेतं आणि लांबवर टेकड्यांची निळसर ओळ दिसते. डोळ्यांना ती ओळ ठसठशीत वाटते. २८ मि.मी.च्या लेन्सने काढलेल्या फोटोत मात्र ती दोरीएवढी बारीक होते. वर रिकामं आभाळ, खाली रिकामी माती. नागपूरच्या आसपास निसर्गाचे फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्याची निवड फोकल लेंथपासून सुरू करावी (लेन्स किती रुंद दृश्य घेते ते सांगणारा मि.मी.तला आकडा; तो लहान तर दृश्य रुंद, मोठा तर अरुंद). लेन्स बदलताच येत नसेल तर इथे झालेली चूक पुढे निस्तरता येत नाही.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. दुकानात ‘फिक्स लेन्स’ म्हटलं की बहुतेकदा झूम नसलेली लेन्स समजतात. आपण बोलतोय ते बॉडीला कायमची जोडलेली लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांबद्दल. त्यांत एकाच फोकल लेंथचे येतात (रिको जीआर ३, फुजीफिल्म एक्स १०० व्ही-आय, लायका क्यू ३) आणि झूमवालेही येतात (सोनी आरएक्स १०० मार्क ७, कॅनन जी१ एक्स मार्क ३). विचारताना ‘लेन्स न निघणारा, मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट’ असं सांगा. सेन्सर म्हणजे लेन्समागची, प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप.

पायरी १ : आठ दिवस फोनवर सराव

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मि.मी.चा असतो (जिथे ‘खरी’ म्हटलंय ते सोडून, या लेखातल्या फोकल लेंथ फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मि.मी.च्या सेन्सरच्या, हिशेबाने आहेत). २४ धरला, तर झूम १.२ पट केल्यावर जवळपास २८, दीड पटीला ३६ आणि १.७ पटीला ४० मि.मी. होतात. एक आकडा ठरवा आणि दोन-तीन दिवस त्याला हात लावू नका. मग दुसरा घ्या. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी, सेमिनरी हिल्सच्या झाडीत आणि काटोल रोडच्या बाजूला उघड्या शेतात, अशा तिन्ही तऱ्हेच्या जागी जा. फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहा आणि प्रत्येक फोटो कुठून कापावासा वाटतो ते लिहून ठेवा. चारही बाजूंनी कापावासा वाटला, तर लेन्स जास्त रुंद पडतेय. सारखं मागे सरकावं लागत होतं, तर ती अरुंद आहे.

झाडीच्या आत, देवळाच्या आवारात, पावसाळी ढगांच्या खाली २८ मि.मी. छान चालते, पण तिला जवळचं काहीतरी लागतं : पळसाची खाली आलेली फांदी, बांध, खडक, गुरांची वाट. ते नसेल तर फोटो पोकळ दिसतो. उघड्या सपाट रानात ३५ किंवा ४० जास्त उपयोगी. लांबची टेकडी टेकडीसारखी दिसते आणि क्षितिजाच्या वर-खाली वाया जाणारी जागा कमी होते.

शंका असेल तर अरुंद बाजूला झुका. ४० मि.मी.ने कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर एक तृतीयांश येतील असे तीन फोटो घेऊन जोडले तर सुमारे ७८ अंशांचं दृश्य मिळतं, २८ मि.मी.च्या आडव्या फोटोत ते साधारण ६५ अंश असतं. उलट दिशेने मात्र पिक्सेल जातात. जीआर ३ चे २४ मेगापिक्सेल ५० मि.मी.पर्यंत कापले की सातच्या आसपास उरतात. एक्स १०० व्ही-आय ३५ मि.मी.चा आणि ४० मेगापिक्सेलचा आहे, म्हणून त्याच कापणीनंतरही जवळजवळ २० मेगापिक्सेल हातात राहतात. जोडफोटोची मर्यादाही लक्षात ठेवा : वाऱ्याने हलणारं गवत किंवा पाण्यावरच्या लाटा असल्या की सांधे दिसतात.

पायरी २ : सेन्सर, आणि ॲपर्चरची सवय

एक इंची सेन्सर म्हणजे प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मि.मी. (‘एक इंच’ हे नाव फसवं आहे). एपीएस-सी २३.५ × १५.६ आणि फुल-फ्रेम ३६ × २४ मि.मी. क्षेत्रफळात एपीएस-सी एक इंचीच्या तिप्पट, फुल-फ्रेम सातपट. लख्ख उन्हात काढून ए-४ कागदावर छापलं तर हा फरक जेमतेम जाणवतो. तो उघडा पडतो सूर्योदयाला. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या पाण्यावर तळपणारं आभाळ सांभाळून फोटो काढला की काठ काळा पडतो. तो नंतर उजळताना एक इंची सेन्सरच्या सावल्यांत दाणे आणि रंगीत डाग येतात. पहाटे-संध्याकाळीच फिरणार असाल तर एपीएस-सीच्या खाली जाऊ नका. फुल-फ्रेम उत्तमच, पण लायका क्यू ३ साठी काही लाख मोजावे लागतात आणि वजन जीआर ३ च्या २५७ ग्रॅमच्या जवळपास तिप्पट.

निसर्गचित्रासाठी एफ/१६ लावायचं ही जुनी शिकवण इथे नडते (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा तर ते बारीक). ॲपर्चरचं भोक फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एक इंची सेन्सरवर एफ/५.६ नंतर, एपीएस-सीवर एफ/११ नंतर हे दिसू लागतं. गरजही नसते. जीआर ३ ची खरी फोकल लेंथ १८.३ मि.मी. आहे, एफ/८ ला फोकस अडीच मीटरवर ठेवला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एक्स १०० व्ही-आयची खरी फोकल लेंथ २३ मि.मी., तिला तेच साडेतीन मीटरवर, आणि जवळची हद्द पावणेदोन मीटर.

पायरी ३ : कोणता घ्यावा

खिशात मावायला हवा असेल तर जीआर ३ (२८ मि.मी.) किंवा जीआर ३ एक्स (४० मि.मी.). वरचं सगळं पाहता नागपूरकराने आधी ३ एक्स हातात घेऊन पाहावा. दोन्हींची दुखणी सारखीच : व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, पडदा वळत नाही आणि दुपारच्या उन्हात तो दिसत नाही, बॅटरी सुमारे २०० फोटोंत संपते, आणि धुळीपासून बचाव नाही.

एक्स १०० व्ही-आयला व्ह्यूफाइंडर आहे, हात हलण्याची भरपाई आहे, चार स्टॉपचा एनडी फिल्टर (येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच) आतच आहे. धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण मात्र पुढे ॲडॅप्टर रिंग आणि ४९ मि.मी.चा फिल्टर लावला तरच पूर्ण होतं. तो खर्च किमतीत धरा. झूम हवाच असेल तर जी१ एक्स मार्क ३ मध्ये एपीएस-सी सेन्सर आणि २४ ते ७२ मि.मी. मिळतात, २०१७ चा असल्याने आता तो जुन्या बाजारातच शोधावा लागेल.

फिल्टर लावायची सोय आधी विचारा. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावल्याशिवाय जात नाही, नंतर संगणकावर ती काढता येत नाही. आरएक्स १०० मार्क ७ ला फिल्टरचे आटेच नाहीत. जीआरला वेगळा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

पायरी ४ : बर्डीच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात काय तपासावं

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीचे, पाट्या कोपऱ्यांत येतील असे फोटो एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ ला काढा. कॅमेरा भिंतीला समांतर हवा. घरी आल्यावर चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून पाहा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात. एकच कोपरा एफ/८ लाही फिसकटलेला असेल तर आतली काच तिरपी बसली आहे. असा नग घेऊ नका. लेन्स बदलता येत नसल्याने सगळा कॅमेराच सर्व्हिसला जातो.

जुना घेताना आणखी एक : एफ/१६ ला किंवा त्या कॅमेऱ्याच्या सर्वांत मोठ्या एफ-आकड्याला, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आभाळाचा फोटो काढा. करडे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. आत-बाहेर होणाऱ्या लेन्समधून ती ओढली जाते आणि घरी ब्लोअरने निघत नाही, कारण तिथवर हातच पोचत नाही. दोन-चार ठिपके चालतात, मोठा डाग असेल तर साफसफाईचा खर्च किमतीतून वळता करा. बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे ना, तेही पाहून घ्या.

पायरी ५ : ऊन आणि कूलर

यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना कंपन्या ० ते ४० अंश तापमानाची मर्यादा सांगतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ती बहुतेक दिवशी ओलांडतो. कॅमेरा लगेच बंद पडतो असं नाही, पण सेन्सर तापला की फोटोत दाणे वाढतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. आठपर्यंत काम उरकून कॅमेरा पांढऱ्या कापडात गुंडाळून पिशवीत.

खरा धोका घरात असतो. वाळ्याचा कूलर चार महिने खोलीत दमटपणा सोडत राहतो, त्याला लागून पावसाळा येतो. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की काचेवर बुरशी धरते, आणि इथे ती काच वेगळी काढता येत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा दमटपणा-मापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. जेलचे रंगीत दाणे रंग पालटले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. कूलरच्या खोलीतून एकदम बाहेर निघताना कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बंद पिशवीतच राहू द्या. एसीतून पावसाळी हवेत जाताना तर नक्कीच, नाहीतर काचेवर बाष्प धरतं आणि तोवर सूर्य वर आलेला असतो.