कॉलेजच्या कागदांमधले शब्द: या चुका टाळा

“काका, आज शेवटची तारीख आहे, पटकन भरून द्या” असं म्हणत जो दुकानात शिरतो, त्याच्या फाईलमध्ये हमखास एक कागद कमी असतो. पुण्यात नवी पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवून मला सोळा वर्षं झाली. स्पर्धा परीक्षेची मुलं, इंजिनिअरिंगची मुलं, मुलीच्या ॲडमिशनसाठी पहाटेच्या एसटीने आलेले वडील, सगळे या काउंटरला टेकून उभे राहतात. टायपिंगची चूक मी सुधारतो. शब्दांची चूक लोक घरून करून आणतात. मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, पासिंग, डिग्री ही एकाच कागदाची लाडाची नावं आहेत, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो कुठे कुठे नडतो ते लिहितोय, कारण रोज तेच तेच सांगून घसा बसला.

पदवी कधी मिळाली?

ही चूक मला सर्वात जास्त छळते, कारण एकदा तिच्यात माझाही हात होता.

स्पर्धा परीक्षेच्या फॉर्ममध्ये रकाना असतो: पदवी उत्तीर्ण झाल्याचा दिनांक. लातूरकडचा एक मुलगा, कॉम्प्युटर इंजिनिअर, अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसणारा. त्याने सांगितलं, “बीईचा (शेवटच्या वर्षाचा) रिझल्ट जुलैत लागला, ती तारीख टाका.” मी टाकली. पोरगा पूर्व परीक्षा पास झाला, मुख्य पास झाला, दुकानात पेढे देऊन गेला. मग कागदपत्रं तपासायला बोलावलं आणि तिथे त्याचं सगळं अडलं. टीईचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा एक विषय, टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), त्याचा मागे राहिला होता. एटीकेटीवर तो बीईला गेला, बीईचे सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले, पण टीओसी सुटला पुढच्या हिवाळी परीक्षेत. त्याचा निकाल लागला फेब्रुवारीत. म्हणजे पदवी फेब्रुवारीतली. आणि त्या जाहिरातीत पदवी हातात असण्याची शेवटची तारीख होती डिसेंबरची.

तो काउंटरपाशी येऊन एवढंच म्हणाला, “काका, मी तर जुलैतच पास झालो होतो ना?” त्याला वाटत होतं शेवटचं वर्ष सुटलं म्हणजे पदवी मिळाली. त्याच्या रूममधल्या सगळ्यांनाही तसंच वाटत होतं.

तर नीट वाचा. एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची ही परवानगी आहे, राहिलेल्या विषयांची माफी नाही. किती विषय राहिले तर चालतात आणि कोणत्या वर्षाचे चालत नाहीत, हे विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाप्रमाणे बदलतं. परवानगीत न बसणारा मागे राहतो, आणि आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं म्हणतात, “वायडी लागला,” म्हणजे इयर डाउन, वर्ष गेलं. पदवीची तारीख ठरते ती राहिलेला शेवटचा विषय ज्या निकालात सुटला त्यावरून, मग तो विषय पहिल्या वर्षाचा का असेना.

तेव्हापासून मी थेट तारीख विचारतच नाही. आधी विचारतो, “बॅक, म्हणजे राहिलेले विषय, किती होते?” मुलं लाजतात, शेजारच्याकडे बघतात. लाजा, पण सांगा. मग सगळ्या मार्कशीट काउंटरवर ओळीने मांडायला लावतो, बॅकच्या परीक्षेच्यासुद्धा, आणि त्यातली सर्वात उशिराची निकालाची तारीख उचलतो. परीक्षेचा महिना नाही, पदवीदान समारंभाचा दिवस नाही, निकाल जाहीर झाल्याची तारीख. जाहिरातीत वेगळं काही लिहिलं असेल तर जाहिरात खरी. पण जाहिरात कोण वाचतं? टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेला चार ओळींचा सारांश वाचून येतात.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘अपिअर्ड’. शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आहे किंवा देणार आहे, निकाल यायचा आहे, त्याने अपिअर्ड लिहायचं. नापास झालेला अपिअर्ड नसतो. आणि एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असलेल्याने “परीक्षेला बसलोच आहे की” असं म्हणून तिथे टिक करू नये. असे महाभाग वर्षाला दोन तरी येतात.

साडेनऊने गुणणारे

दुसरा माझा आवडता शत्रू. सीजीपीएचे, म्हणजे दहापैकी मिळणाऱ्या सरासरी ग्रेडचे, टक्के करायचे म्हटलं की मोबाइल काढायचा आणि 9.5 ने गुणायचं. कुणी सांगितलं? “सगळे तसंच करतात.”

हे साडेनऊ आलं सीबीएसईच्या दहावीतून. 2017 पर्यंत तिथे दहावीला टक्क्यांऐवजी सीजीपीए मिळायचा आणि त्याचे अंदाजे टक्के काढायला बोर्डाने तो आकडा दिला होता. दहावीच्या मुलांचा आकडा तो. तुमच्या बी.ई.शी किंवा एम.कॉम.शी त्याचा काही संबंध नाही. विद्यापीठांची सूत्रं वेगळी असतात, एकाच विद्यापीठात फॅकल्टीप्रमाणे आणि पॅटर्नप्रमाणेही बदलतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के धरतात. साडेनऊने गुणलं तर तेच 64 च्या वर जातात. चार टक्के हवेतून आले!

एका मुलीचा सीजीपीए 6.6 होता. कंपनीची अट 60 टक्क्यांची. तिने गुणून 62.7 लिहिले, मुलाखत झाली, ऑफर आली, घरी आनंदीआनंद. नंतर कागदपत्रांच्या तपासणीत तिच्या विद्यापीठाच्या सूत्राने निघाले 58.5. तिने खोटेपणा केला नव्हता, पण तिथे बसलेल्या माणसाला तो खोटेपणाच दिसला. ऑफर गेली.

माझी सवय साधी आहे. मार्कशीट उलटी करतो. बहुतेक वेळा सूत्र किंवा तक्ता मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागातून टक्केवारीचं पत्र आणायला पाठवतो. आणि जिथे फॉर्म सीजीपीए चालेल म्हणतो, तिथे सीजीपीएच भरतो. उगाच हुशारी कशाला?

त्याच रांगेतली आणखी एक गंमत: एसजीपीए एका सेमिस्टरचा, सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्यांचा. सगळे एसजीपीए मिळवून सेमिस्टरच्या संख्येने भागलं की सीजीपीए येतोच असं नाही. पहिल्या सेमिस्टरला 20 क्रेडिट आणि एसजीपीए 8, दुसऱ्याला 24 क्रेडिट आणि 6. सरळ सरासरी 7 येते. क्रेडिट धरून केली तर 160 अधिक 144, भागिले 44, म्हणजे 6.91. सातच्या अटीला हा मुलगा बाहेर.

क्रेडिट हा शब्द आला आहे तर तेही सांगतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात साधारण 15 तास शिकवणं, प्रॅक्टिकलचं 30 तास. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाची किमान 40 क्रेडिट झाली की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, 80 ला पदविका, 120 ला तीन वर्षांची पदवी, 160 ला चार वर्षांची ऑनर्स. हे एका वर्षात ‘डिग्री’ देणारं दार नव्हे, हे वडिलांना मला हल्ली फार समजवावं लागतं. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीमधला ‘बँक’ हा शब्द ऐकून पासबुक काढणारेही भेटलेत. त्या खात्यात फक्त क्रेडिट जमा होतात.

एकेका ओळीचे

पदवी म्हणजे डिग्री, पदविका म्हणजे डिप्लोमा. पदविका ही छोटी पदवी नव्हे. मराठी फॉर्ममध्ये इथेच चुकीचं बटण दाबलं जातं.

पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला नोंदणी क्रमांक, कायमचा, सीट नंबर परीक्षेपुरता.

बोनाफाईड म्हणजे तुम्ही आज त्या कॉलेजात शिकताय याचा दाखला. एलसी (लिव्हिंग सर्टिफिकेट) म्हणजे तुम्ही ते कॉलेज सोडलं याचा. स्कॉलरशिपसाठी बोनाफाईड हवं असताना एलसी काढून आणलेला एक शहाणा मी पाहिला आहे. त्याचं चालू ॲडमिशन परत बसवायला तीन आठवडे गेले.

एलसी कॉलेज देतं, मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला) विद्यापीठ देतं. नांदेड किंवा कोल्हापूरहून पुण्याच्या विद्यापीठात येताय तर दोन्ही लागतील.

व्हेरिफिकेशनमध्ये बेरीज पुन्हा होते आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते पाहतात. पेपर दुसऱ्याकडून तपासून हवा असेल तर रिव्हॅल्युएशन. स्वस्त आहे म्हणून पहिलं भरायचं आणि मार्क वाढले नाहीत म्हणून माझ्यावर चिडायचं, हे बंद करा.

‘विद्यापीठाचं नाव’ या रकान्यात कॉलेजचं नाव लिहू नका. कॉलेज स्वायत्त असलं आणि परीक्षा तेच घेत असलं, तरी पदवी विद्यापीठाचीच असते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठ मात्र स्वतःची पदवी देतं. पुण्यात यावर आणखी एक वळण आहे. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, आणि सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, 2022 मध्ये स्वतःच विद्यापीठ झालं. त्याआधीच्या तिथल्या मुलांची पदवी पुणे विद्यापीठाची. तुमच्या कागदावर जे छापलंय तेच लिहायचं, आज दारावर कोणती पाटी आहे ते नाही.

पदवी घरी चालत येत नाही

शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट मिळाली की मुलं म्हणतात, डिग्री मिळाली. ती गुणपत्रिका झाली. पासिंग सर्टिफिकेट किंवा प्रोव्हिजनल हा मधला कागद. पदवी यायची आहे तोवर चालवून घेण्यासाठी. पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभाच्या वेळी निघतं, आणि त्यासाठी वेगळा अर्ज करून फी भरावी लागते. समारंभाला गणेशखिंडीत, विद्यापीठात जाऊन फोटो काढलाच पाहिजे असं नाही, पण अर्ज केलाच पाहिजे. सात-सात वर्षं नोकरी केलेली माणसं व्हिसाच्या वेळी येतात आणि विचारतात, “डिग्री कॉलेजातच पडली असेल ना?” अर्जच केला नव्हता तर पडणार काय? ट्रान्सक्रिप्ट हा आणखी निराळा कागद. सगळ्या सेमिस्टरचे गुण एकत्र, सही-शिक्क्यानिशी, बऱ्याचदा बंद पाकिटात, मुख्यतः परदेशी विद्यापीठांसाठी. आठ मार्कशीटच्या झेरॉक्सना स्टेपल मारला की ट्रान्सक्रिप्ट होत नाही.

आणि ती डिग्री एकदा आली, की लोक ती कौतुकाने लॅमिनेशनला आणतात. परवाच एक गृहस्थ आले. मुलीची पदवी, वर्तमानपत्राच्या घडीत जपून आणलेली. जर्मनीला जाणार म्हणाले. मी त्यांना दाखवलं, या कागदाच्या मागे उद्या अपोस्टिलचा (परदेशात कागद खरा मानावा म्हणून सरकार लावतं तो) स्टिकर लागेल, शिक्के पडतील, प्लास्टिकवर ते कसे बसणार? लॅमिनेट केलेला कागद तिथून परत पाठवतात. डुप्लिकेट काढायची तर प्रतिज्ञापत्र, अर्ज, फी, पुन्हा महिने. प्लास्टिकचं पाकीट दहा रुपयांना मिळतं, त्यात ठेवा. त्यांना पटलं नाही. “तुमचं मशीन चालत नाही का?” म्हणाले.

नाही चालत, म्हणालो. डिग्री पाहिली की ते नेहमी बंदच असतं.