रात्री दोन वाजता ‘एएलएसची लक्षणं’ शोधताय? आधी हे करा

आधी फोन उलटा ठेवा. नाही जमणार माहितीये, कारण हे पण फोनवरच वाचताय, पण निदान बाकीचे टॅब बंद करा. पोटरीत नाहीतर पापणीत जे काय फडफडतंय ते पाच मिनिटं फडफडू द्या. (एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जाऊन अंगातली ताकद हळूहळू जाते तो आजार.)

मी डॉक्टर नाही. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय चौतीस, आणि जवळजवळ आठ महिने मला खात्री होती की आपल्याला नसांचा काहीतरी भयंकर आजार झालाय. सुरुवात २०२५ च्या जानेवारीत, पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर हल्ला करते तो आजार) पेशंट वाढले तेव्हा. नाशकात सगळ्या ग्रुपवर तेच चालू, पाणी उकळून प्या, पनीर खाऊ नका, आणि मला नेमक्या त्याच आठवड्यात पायाला मुंग्या. मग वाचलं की जीबीएसमध्ये कमजोरी काही दिवसांतच चढत जाते आणि साधारण चार आठवड्यांच्या आत जेवढी वाढायची तेवढी वाढून थांबते. माझे चार आठवडे उलटले, मी आरामात पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होतो, म्हणजे सुटलो ना? तर नाही, पायऱ्या चढून आल्यावर रात्री पोटरी फडफडायला लागली आणि मन थेट एएलएसवर गेलं. आजाराच्या भीतीची ही पहिली खूण लक्षात ठेवा, एक आजार खोटा ठरला की सुटका वाटण्याऐवजी लगेच दुसरा आजार जागा घेतो.

आता कामाचं. खरी इमर्जन्सी कुठली ते एकदाच वाचून ठेवा. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं एकदम फुटायला लागणं, यात वाचत बसायचं नाही, १०८ लावायचा किंवा जी गाडी मिळेल तिने हॉस्पिटल. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मुंग्या किंवा कमजोरी तळपायापासून दिवसागणिक वर चढत असेल, गिळताना ठसका लागत असेल, लघवीवरचा कंट्रोल गेला असेल, तरी त्याच दिवशी दाखवा. आणि पाऊल घासत चालतोय असं *दुसऱ्यांना* दिसतंय, शर्टाचं बटण लावता येत नाही, चावी फिरत नाही आणि हे आठवड्यांमागून आठवडे वाढतंय, तर न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या. यातलं काही नसेल तर पुढचं तुमच्यासाठी.

आमच्याकडे कंपनीत भोकाचं माप बघायला गो-नोगो गेज असतं. गो बाजूची पिन भोकात गेली आणि नोगो बाजूची नाही गेली तर पीस पास, नाहीतर रिजेक्ट, पिन जाताना हाताला कसं वाटलं हे कुणी विचारत नाही. एएलएसची कमजोरी तशी ओळखतात. पाय ‘जड वाटतो’, हात ‘नेहमीसारखा वाटत नाही’, हे वाटणं झालं. टाचांवर चालता येतं का, चवड्यांवर उभं राहता येतं का, भरलेली बादली उचलते का, हे गेज. मला एका न्यूरॉलॉजिस्टने हेच सांगितलं, की नुसती फडफड आहे पण ताकद शाबूत आहे आणि तपासणीत काही सापडत नाही, तर काळजीचं कारण नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशी नुसती फडफड असलेल्या १२१ लोकांचा दोन ते बत्तीस वर्षं मागोवा घेतला, १९९३ साली ते छापून आलं, त्यात एकालाही एएलएस झाला नाही. एएलएस मुळात दुर्मिळ, जगात वर्षाला लाखात साधारण दोन नवे पेशंट, त्यातले बरेचसे पन्नाशीच्या पुढचे. इथे तुमचं मन लगेच म्हणणार, त्या शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगला एकविसाव्या वर्षीच एएलएसचं निदान झालं ना १९६३ मध्ये. हो झालं. माझं मन पण रोज हॉकिंगलाच घेऊन यायचं, बाकीच्या कोट्यवधी चौतीस वर्षांच्यांना नाही.

मग फडफडतं कशामुळे? झोप कमी, कटिंगवर कटिंग, जास्त व्यायाम, टेन्शन. नाइट शिफ्टला मी आठ-नऊ चहा घ्यायचो, सकाळी घरी येऊन चार तास झोपायचो आणि वर विचारायचो की पापणी का उडतेय. मुंग्यांचं एक वेगळं कारण म्हणजे घाबरून आपण भसाभसा श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांभोवती, बोटांत झिणझिण्या येतात. तेव्हा श्वास सोडताना हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, काही मिनिटांत उतरतं.

डॉक्टरांकडे एकदा नीट जा. एकदा. आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन, बी१२, थायरॉइड, शुगर, कॅल्शियम हे ते सांगतील तसं करून घ्या. बी१२ हसण्यावारी नेऊ नका, आपल्याकडे शाकाहारी घरांत ते कमी सापडणं फार कॉमन आहे आणि त्याने खरोखर हातापायाला मुंग्या येतात, माझं पण कमीच निघालं. पुढे पाठवलं तर न्यूरॉलॉजिस्ट. ते हातोडीने रिफ्लेक्स बघतात, ताकद बघतात, चालायला लावतात, आपल्याला वाटतं एवढंच? पण खरी तपासणी तीच. ईएमजी (स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे संकेत बघण्याची तपासणी) त्यांनी सांगितली तर करा, स्वतःहून एमआरआयचा हट्ट धरू नका, कारण मानेची एखादी सरकलेली गादी किंवा मेंदूत एखादा बारका पांढरा ठिपका चांगल्या धडधाकट माणसालाही निघतो आणि मग पुढचे सहा महिने त्या ठिपक्याचे. मी तीन न्यूरॉलॉजिस्ट केले, एक गंगापूर रोडला, एक मुंबई नाक्याला, एक ठाण्याला मामेभावाच्या ओळखीने. तिघांचं उत्तर एकच. पहिल्याने चार दिवस बरं वाटलं, दुसऱ्याने दोन दिवस, तिसऱ्याच्या वेळी परतताना इगतपुरी यायच्या आत मनात आलं की त्यांनी डावा पाय नीट बघितलाच नाही.

इथे खरा मुद्दा आहे, स्वतःला तपासणं बंद करणं. मी काय काय करायचो सांगतो, लाज सोडून. दिवसातून वीसेक वेळा टाचांवर चालणं, कंपनीच्या पॅसेजमध्ये सुद्धा. बायकोच्या शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजणं. भरलेला सिलिंडर एका हाताने उचलून बघणं. आरशात जीभ बाहेर काढून ती थरथरते का बघणं, आणि ती थरथरायचीच! नंतर कळलं की बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थोडी थरथरते, डॉक्टर ती तोंडात आरामात पडलेली असताना बघतात. उजवा-डावा हात पण कुणाचाच सेम नसतो. आणि एकच स्नायू दिवसभर ताणून बघितला तर तो थकतो, थरथरतो, दुखतो, मग आपण म्हणतो बघा लक्षण वाढलं. एकाच पीसवर गेज शंभर वेळा घासलं तर पीस आणि गेज दोन्ही झिजतात, हे मला कामावर कळत होतं, घरी नाही.

हे सगळं एका दिवसात बंद करायला गेलात तर दुप्पट होईल. कागदावर लिहून काढा काय काय तपासता, गुगल आणि युट्यूब धरून. त्यातलं सगळ्यात सोपं एक निवडा, मी टेप निवडली, बायकोला लपवायला सांगितली. बाकीच्यांना फक्त पंधरा मिनिटं पुढे ढकलायचं, ‘बघायचंय ना, बघू, पण सव्वानऊला’. सव्वानऊला अर्ध्या वेळा आठवणच राहत नाही. आठवड्याला एक गोष्ट कमी. माझी जीभ सगळ्यात शेवटी सुटली. त्या मधल्या वेळात हात रिकामे ठेवू नका, मी कणीक मळायला घ्यायचो, गोदाकाठी चक्कर मारायचो, पण चालताना पावलांकडे बघायचं नाही हा नियम.

घरच्यांना पण शिकवावं लागतं. मी बायकोला दर तासाला विचारायचो, ‘अगं, माझं बोलणं जड येतंय का?’ ती बिचारी ‘नाही हो’ म्हणायची, आणि ते ‘नाही’ दहा मिनिटं टिकायचं. मग आम्ही ठरवलं की ती उत्तरच देणार नाही, फक्त म्हणणार ‘हा तोच प्रश्न आहे’. पहिल्या आठवड्यात यावरून दोनदा भांडणं झाली. आई मीठ-मोहरी उतरवत होती ते चालू दिलं, त्याने आईला बरं वाटायचं.

एवढं करूनही कामात लक्ष लागत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, ‘मला वेडा समजतील’ वगैरे सोडा. याला इलनेस अँक्झायटी म्हणतात, सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी यावर चांगली चालते, गरज पडली तर एसएसआरआय गटातल्या (चिंता-नैराश्यावरच्या) गोळ्या. गोळ्यांचा फरक पडायला चार-सहा आठवडे लागतात, सुरुवातीला कधीकधी थोडी बेचैनी वाढते, तेव्हा मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करायचा. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री फारच झालं, किंवा जगणंच नको असं वाटायला लागलं, तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू आणि मराठीत बोलतात. आणि फडफडीची ही भीती डॉक्टरांना आणि मेडिकलच्या पोरांना पण होते बरं का, त्यांनी तर सगळं पुस्तकातून वाचलेलं असतं.

गेल्या आठवड्यात पापणी परत उडायला लागली, सलग तीन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशापाशी गेलो, तोंड उघडलं, मग दाढी करून परत आलो.